सोमाजीच्या बाजूची जागा

आमच्या गावात कोणाचं जाळं फाटलं, कोणाच्या पायात काटा मोडला, कोणाची बकरी विहिरीत पडली, का पहिलं नाव निंगते ते सोमाजीचं. देवमाणूस म्हणतेत लोक त्याले. मी म्हणते, चुलीत घाला तुमचा देवमाणूस. देव असन तो पारावरचा. घरी कसा हाये ते माह्या बहिणीले इचारा.

सोमाजी म्हणजे माह्या मोठ्या बहिणीचा, मी जिले बाई म्हणते तिचा नवरा, माहा भाऊजी. मी देवकाबाई, त्याची साळी. साळीनं भाऊजीची थट्टा कराची अशी रीत हाये, पण माही थट्टेची उमर गेली, आता नुसता राग राह्यला. आमी दोघी बहिणी एकाच गावात देल्या. भद्रावतीहून आतमंधी, तलावाच्या पाळीवर गाव हाये आमचं. माणसं तलावात जाळं टाकतेत, बाया टोपल्यात मासोळ्या घेऊन बाजारात बसतेत. माहा मालक मंगरू वारून लय वर्षं झाली. दारुडा होता, खोटं काऊन बोलू? पण बाजाराच्या टेम्पोत चढला का माह्या बाजूलेच बसे अन् माह्या खांद्यावर मान टाकून घोरे. बाया हासत. मी म्हणे, हासा, माह्याच खांद्यावर हाये न, तुमच्या तं नाई.

भाऊजीले दारू नाई, बिडी नाई, तोंडात शिवी नाई. माह्या बहिणीले त्यानं कधी मारलं नाई. अन् कधी बाजूले बसवलं बी नाई. रस्त्यानं निंगाला का हा मोठ्या रुबाबानं सामोर, अन् ती बिचारी टोपलं घेऊन पार मांगं. अनोळखी माणसानं पाह्यलं तं म्हणन, दोन वेगळ्या गावचे दिसतेत. लग्न लागलं त्या दिवशीबी हा दोस्ताईसंगं सायकलीवर पुढं निंगून गेला, अन् माही बाई बायाईच्या बैलगाडीत बसून मांगून सासरी आली. नवरी दारात उभी, अन् नवरदेव आतमंधी भात खाऊन राह्यला! तवाच मले समजाले पाह्यजे होतं.

घरी त्याचं बोलणं म्हणजे "पाणी." "भात." "टावेल." बस. तिचं नाव सुकरी हाये, ते त्याले माहीत असन का नाई, देव जाणे. "अवं" म्हणते. तेबी गरज पडली तं. अन् पारावर गेला का मंग पाहा, तोंडाले खीळ नाई! कोणत्या तलावात मरळ कशी राह्यते, कोणत्या साली पाळ कशी फुटली, लोक तोंड उघडं ठेवून आयकतेत. गावातल्या भांडणाऱ्या नवरा-बायकोले समजावून सांगाले बी यालेच बोलावतेत, घ्या. लोकाले सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण!

मांगच्या साली बाईचे गुडघे सुजले, म्हणून तिले चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं. नर्सबाईनं जोरानं इचारलं, "या आजीसोबत कोण आहे?" हा दाराजवळ माणसाईच्या बाकावर बसला होता. त्यानं आयकलं. मी माह्या डोळ्यानं पाह्यलं, त्यानं आयकलं. अन् पंख्याकडं पाहून राह्यला. पंख्याकडं! शेवटी मीच म्हणलं, "मी हावो जी." बाईनं तवा मान खाली घातली ते घरी येतलोक वर केली नाई.

अन् डोंग्याचं तं इचारूच नोका. डोंगा म्हणजे झाडाचं खोड कोरून केलेला असते, त्याच्यावर बसून हे माणसं तलावात जातेत. आमच्यात म्हणतेत का बाईनं डोंग्यात बसू नाई, बसली का जाळं सुकं येते. आता बाकीच्या घरचे पोट्टे थर्माकोलवर बसून जातेत, त्याईच्या बायका संगं जाऊन जाळ्यातल्या मासोळ्या सोडवतेत, कोणाचं जाळं सुकं आलं नाई. पण आमच्या भाऊजीचा नियम म्हणजे नियम. तो पाण्यात, अन् माही बाई टोपलं घेऊन काठावर. सारी जिंदगी तशीच गेली तिची.

आता त्या व्हॅलेंटाईनची गोठ सांगते. मले त्या सणाचं काडीचं कौतिक नाई, हे पहिले सांगून ठेवते. एका दिवसाचं प्रेम, तेबी फुग्यात भरलेलं. भद्रावतीच्या दुकानात त्या दिवशी बदामाच्या आकाराचा केक पोट्टे भांडून भांडून दुप्पट भावानं घेतेत, अन् दुसऱ्या दिवशी तोच केक अर्ध्यात भेटते. का बा, प्रेमाले एक दिवस धीर निंगत नाई? बाहीत बाही घालून फोटो काढतेत अन् फोटो झाला का दोघं दोन मोबाईलात तोंड घालून बसतेत.

पण भाऊजीचा पोरगा मिथुन अन् त्याची बायको करिश्मा, हे दोघं मांगच्या साली लग्नानंतर पहिल्यांदा त्या दिवशी फटफटीवर बसून फिराले गेले, अन् करिश्मानं फोटो टाकला मोबाईलवर. माही बाई तो फोटो घेऊन बसली. बोटानं मोठा करे, लहान करे, पुन्हा मोठा करे.

"काय पाहून राह्यली वो बाई?" मी म्हणलं.

"पोट्टी कशी बसली पाय न, मिथुनच्या संगं."

"मंग फटफटीवर काय, एक इथी अन् एक नागपूरले बसन का?"

बाई हासली नाई. म्हणते, "देवका, मले गुलाब नाई पाह्यजे. केक नाई पाह्यजे. मले एकदा यष्टीत ह्याईच्या बाजूले बसाचं हाये. सर्वाईच्या समोर. बाकी काई नाई."

मले हासू आलं. मंग तिचं तोंड पाह्यलं, तं हासू गेलं. साठी वलांडलेली बाई, दात पडाले लागले, अन् मागून मागून काय मागते, तं यष्टीतली बाजूची जागा! अन् ते देणारा बी असा दलिंदर, का तेवढंबी त्याच्या हातून सुटत नाई.

यंदा करिश्मानं मनावर घेतलं. पोट्टी तोंडाची फटकळ हाये, पण सासूवर जीव हाये तिचा. भाऊजी जेवाले बसला तवा म्हणे, "मामाजी, यंदा त्या दिवशी तुमी आत्याबाईले घेऊन चंद्रपूरले जा न. बायाईले अर्धं तिकीट हाये, तुमालेबी म्हाताऱ्याचं अर्धं हाये. दोघं मिळून एकाच तिकिटात जासान. बगिच्यात बसा, पोहे खा, अन् या वापस."

भाऊजीनं नाक मुरडलं. "म्हातारचळ लागला म्हणतीन लोक." पण हात धुता धुता त्याले आठवलं का जाळ्याचं शिसं सरलं. जाळं पाण्यात खाली बसावं म्हणून त्याच्या काठाले शिशाच्या गोळ्या लावतेत न, ते शिसं. चंद्रपुरात ते सस्त भेटते. मंग काय, झाला तयार! बायकोसाठी नाई बरं, शिशासाठी. अन् वरून करिश्माले म्हणते, "देवकाले बी संगं घ्या म्हणा. दोघंच गेलो तं बरं नाई दिसत."

घ्या! व्हॅलेंटाईनले बायकोसंगं साळी! साऱ्या दुनियेत असा बह्याड माणूस दुसरा झाला नसन. मी चोख्खट नाई म्हणणार होती. पण बाई माह्या दारात आली. "तू नाई आली तं ते मलेबी नाई नेत," म्हणे. मंग चाल म्हणलं.

त्या दिवशी बाईनं पेटीतून मिथुनच्या लग्नातली लाल साडी काढली. तोंडाले पावडर लावली, मानेलेबी लावली. करिश्मानं तिचे केस इंचरून देल्ले. अंगणात आली तं खरंच सांगते, चांगली दिसत होती माही बहीण. भाऊजीनं वरून खालतपर्यंत पाह्यलं. मी म्हणलं, आता काई तरी बोलन.

"पिशवी मजबूत घेजो," तो म्हणाला. "शिसं जड राह्यते."

भद्रावतीपर्यंत ऑटोनं आलो. तिथी भाऊजी ड्रायव्हरच्या बाजूले, हे सांगाची गरज नाई. स्टँडवर चंद्रपूरची गाडी लागली अन् एकच झोंबाझोंबी. भाऊजीनं खांद्यावरचा दुपट्टा काढला अन् खिडकीतून आत फेकला. दोघाईच्या सीटवर बरोबर मधात पडला दुपट्टा. बाईनं माहा हात दाबला. तिचं तोंड असं फुललं का मलेबी जरासाक बरं वाटलं. म्हणलं, माणूस सुधारला बाप्पा.

आमी दोघी गर्दीतून रेटत आत गेलो. पाह्यतो तं भाऊजी खिडकीशी बसला हाये, अन् बाजूले पोचू! पोचू म्हणजे आमच्याच गावचा, मच्छी सोसायटीतला मेंबर, स्टँडवर भेटला होता.

"ये पोचू, बस," भाऊजी म्हणून राह्यला. अन् आमाले म्हणते, "तुमी लेडीजच्या सीटवर जा, तिकडं खाली हाये."

पोचूलेबी अक्कल नाई. बसला चांगला टेकून. चंद्रपूर येतलोक दोघं सोसायटीच्या निवडणुकीचं बोलत राह्यले. बाई सामोरच्या सीटवरून मान वळवून पाहे. मंग पाहणं बंद केलं तिनं. "येतानी बसतीन," मले म्हणे. मी हौ म्हणलं. दुसरं काय म्हणू?

चंद्रपुरात पहिले शिसं. अर्धा दिवस शिसंच. या दुकानात गोळी दातानं चावून पाहे, त्या दुकानात चावून पाहे, भाव करे, निंगून जाये, पुन्हा ये. लाल साडी नेसून माही बाई त्या दुकानाईच्या पायऱ्याईवर बसली. शेवटी शिसं घेतलं अन् पिशवी तिच्या हातात देल्ली. हा मोकळे हात हालवत सामोर. आजूबाजूनं पोट्टे-पोट्टी हातात हात घालून चाललेत, अन् आमच्यावालीच्या हातात शिसं!

मंग रामाळा तलावाच्या बगिच्यात गेलो. जिंदगी तलावात काढली, अन् फिराले कुठी, तं तलावावर. बगिचा जोड्याईनं भरला होता. ते मोबाईल वर धरणं, तोंडाचा चंबू करणं, पोट्टीची वेणी पोट्ट्यानं सामोर आणून देणं, सारे नखरे चालू. त्याच्यातल्या एकालेबी तलावाकडं पाह्याचं नव्हतं, अन् आमच्यावाल्याले तलावाशिवाय काई दिसत नव्हतं. हा एका बाकावर बसला, आमाले दुसरा बाक दाखवला. बसल्या बसल्या पाण्यावर कुठी बुडबुडा येते ते पाहून राह्यला. बाकी कोणी असतं तं म्हणलं असतं, आज तरी मासोळ्याईले सुट्टी दे रे बाबा.

तिथी पायानं चालवाची प्लास्टिकची बोट होती, बदकाच्या आकाराची. दोघं बाजूबाजूले बसतेत अन् पायडल मारतेत. बोटवाला पोरगा भाऊजीकडं पाहून वरडला, "या बाबा, आजीले घेऊन बसा! आज जोडीले अर्ध्या पैशात हाये."

अर्ध्या पैशात म्हणलं का भाऊजीचे कान उभे राह्यतेत. उठला, गेला जवळ. माह्या बाजूले बाई बी उठली. शिशाची पिशवी माह्या हातात देल्ली, पदर कमरेले खोचला. चपला काढून हातात घेतल्या. पाण्याच्या काठाले जिंदगी काढलेली बाई, पण पाण्यावर कधी गेली नव्हती.

भाऊजीनं बोट पाह्यली. पाय ठेवून हालवून पाह्यली. मंग म्हणते, "आमच्यात बाई डोंग्यात बसत नाई."

"अवो बाबा, हा डोंगा कुठी हाये? हे तं बदक हाये. प्लास्टिकचं."

"पाण्यावर चालते न? मंग डोंगाच झाला."

"पण तुमी इथी कुठी जाळं टाकून राह्यले?"

"जाळं घरी हाये," भाऊजी म्हणाला. "त्याले समजते."

जाळ्याले समजते! आयकलं का? दुकानातून आणलेल्या नायलॉनच्या जाळ्याले समजते, अन् हाडामासाच्या बायकोचं याले समजत नाई. बोटवालाबी खो खो हासला. भाऊजी बाईकडं न पाहता मले म्हणते, "तुमी दोघी बसा."

"दोघी बाया म्हणजे जोडी नाई होत," बोटवाला म्हणे. "पूरा पैसा लागन."

"मंग राहू दे."

मी कमरेची पिशवी काढली. म्हणलं, "मी देते पैसे. चाल बाई, आपण बसू. बसू दे याले काठावर, पाहू दे कसं वाटते ते."

"नाई देवका," बाई म्हणाली. चपला खाली टाकल्या, पायात घातल्या. "तुह्यासंगं बसाले मी इतक्या दूर नाई आली." अन् शिशाची पिशवी माह्या हातातून वापस घेतली. मी धरते म्हणलं तरी देल्ली नाई.

मंग पोहे खाल्ले. तर्री चांगली झणझणीत होती, खोटं बोलत नाई. भाऊजीनं दोन प्लेटी आणून आमच्या हातात देल्ल्या अन् आपली प्लेट घेऊन ठेल्याच्या त्या बाजूले गेला. पोहेवाल्यासंगं बोलत बोलत खाल्ले. त्याच्या गावचा पाऊस, त्याची पोरं, त्याच्या भावाची नोकरी, साऱ्याची चौकशी केली. त्या पोहेवाल्यालेबी वाटलं असन, काय गोड माणूस हाये.

ऊन कललं. गुलाब विकणारी एक पोट्टी बाकाबाकाले फिरून राह्यली होती, तिच्याजवळ सुकलेलेच उरले होते. "घ्या न बाबा, आजीले द्या. आता सस्त देते, जाता जाता." भाऊजीनं एक फूल घेतलं. खरंच घेतलं! पाकळ्या मान टाकून होत्या, पण गुलाबच होतं. तो उठला, आमच्या बाकाकडं यायले लागला. बाईनं पदर नीट केला. ती फूल विकणारी पोट्टीबी थांबली, तोंडावर हात ठेवून पाहून राह्यली.

अन् या बहाद्दरानं ते फूल माह्या हातात देल्लं.

"तिले दे," म्हणे.

"कोणाले?" मी मुद्दामून इचारलं.

"तिलेच न. तुह्या बाजूले बसली ते."

"तिले नाव हाये, भाऊजी."

"दे न वं, लोक पाहून राह्यले." अन् पाठ करून गेटाकडं चालाले लागला.

बाईनं माह्या हातातून फूल घेतलं. उलटंपालटं करून पाह्यलं. मंग माही मान खाली दाबली अन् माह्या अंबाड्यात खोचून देल्लं. "तुले देल्लं न त्याईनं," म्हणे, "तूच लाव." मी विधवा बाई, भाऊजीनं देल्लेलं गुलाब अंबाड्यात लावून चंद्रपूरच्या स्टँडवर गेली. हासा आता मलेबी.

आमच्या गावाकडं मुक्कामाले जाणारी गाडी भद्रावतीवरून जाते. संध्याकाळची गर्दी म्हणजे काय सांगू, खाणीतले कामावाले, कॉलेजचे पोट्टे, फुगे घेतलेल्या जोड्या. गाडी लागली, अन् जे बाई जिंदगीत कधी पुढं घुसली नाई, ते घुसली. खिडकीजवळ गेली अन् दोन्ही हातानं शिशाची पिशवी उचलून आत लोटली. धप्पकन आवाज आला. आतून कोणी तरी बोंबललं, "अवो मावशी, डोकं फोडता का?"

चढून पाह्यते तं बाई दोघाईच्या सीटवर खिडकीशी बसली हाये, अन् बाजूच्या जागेवर पिशवी. "तू मांगं बस," मले म्हणाली. मी तिच्या मांगच्या सीटवर बसली.

"मावशी, पिशवी उचला न, बसू द्या," खाणीतला एक कामावाला म्हणे.

"नाई भाऊ. आमचे येऊन राह्यले."

कॉलेजची पोट्टी आली. "नाई माय, आमचे येऊन राह्यले." लेकरू घेतलेली बाई आली, तिले मी माही जागा सरकून देल्ली, पण बाईनं पिशवी हालवली नाई. माह्या बहिणीनं जिंदगीत कोणाले नाई म्हणलं नव्हतं. त्या दिवशी ते साऱ्या गाडीले नाई म्हणत होती.

भाऊजी चढला. त्यानं ती जागा पाह्यली. बाईनं पिशवी उचलून मांडीवर घेतली. "या," ती म्हणाली. एवढंच. सर्वाईच्या देखत.

भाऊजीनं वरचा दांडा धरला. "उभाच बरा हावो," म्हणे.

"बसा न."

"गर्दी हाये. बायाईले बसू दे."

बाईनं पिशवी पुन्हा बाजूच्या जागेवर ठेवली. कंडक्टर आला, तं भाऊजीनं दोन अर्धे तिकीट मागतले, अन् तिच्याकडं बोट दाखवाचं म्हणून हनुवटी हालवली. कंडक्टर म्हणे, "बाबा, संगं हाये तं बसा न. जागा राखून राह्यली आजी तुमची." तो खाणीतला म्हणे, "बसा बाबा, आज तं तुमचाच दिवस हाये!" सारी गाडी हासली. वाईट हासणं नव्हतं ते, आपल्या घरचे हासतेत तसं होतं. एका पोट्टीनं टाळीबी वाजवली. दुसरा कोणी असता तं हासत हासत बसला असता, मिशीवर ताव देत बसला असता. आमच्यावाला कानापर्यंत लाल झाला अन् मांगं दाराकडं सरकला.

मले राहवलं नाई. "भाऊजी," मी वरडली, "लाज कशाची वाटून राह्यली? पळवून आणली का तुमी हिले?"

"देवका, चूप बस. लोक पाहून राह्यले."

बाईनं मान वळवली नाई. सामोर पाहतच म्हणाली, "पाहू द्या. आजपर्यंत मले तुमच्या बाजूले कोणी पाह्यलंच नाई."

मले वाटलं, आता बसते. खरंच वाटलं. त्याचा हात दांड्यावरून सुटलाबी, एक पाऊल सामोर आलाबी. मंग त्याले दाराच्या पायरीजवळ उभा असलेला पोचू दिसला, तोबी याच गाडीनं वापस चालला होता. गावचा माणूस! भाऊजीचा हात पुन्हा दांड्यावर गेला. अस्सा राग आला मले. वाटलं शिशाची पिशवी उचलून हाणावं टाळक्यात.

भद्रावतीले गाडी खाली झाली. पोचूबी उतरला, त्याची सासरवाडी हाये तिथी. पुढं ड्रायव्हर, कंडक्टर अन् आमी तिघंच. बाहेर अंधार पडला होता. गाडी आमच्या तलावाच्या रस्त्याले लागली, तवा भाऊजी दाराकडून आला. इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं. साऱ्या सीटा मोकळ्या. मंग त्यानं पिशवी उचलून खाली ठेवली अन् बाईच्या बाजूले बसला.

"बसलो घे," म्हणे. "झालं मन?"

मी मांगून पाहून राह्यली होती. सांगाले लाज वाटते, पण माह्या डोळ्यात पाणी आलं. म्हणलं, जाऊ दे, बसला तं खरं.

बाई उठली.

"काऊन वं?"

"रिकाम्या गाडीत तं कोणीबी बसते," ती म्हणाली. त्याच्या गुडघ्याईपुढून निंगून मधातल्या वाटेत जाऊन उभी राह्यली. वरचा दांडा तिले पुरत नाई, म्हणून सीटची कड धरली. रस्ता खड्ड्याचा, गाडी आदळून राह्यली, अन् सुजल्या गुडघ्याची माही बहीण उभी.

"बस न. गुडघे दुखतीन."

तिनं सीटची कड दोन्ही हातानं धरली.

"अवं, बस न. आयकून राह्यली का?"

भाऊजीनं कंडक्टरकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं. मंग एकदम हळूच म्हणाला, "सुकरी."

मी दचकली. इतक्या वर्षात त्याच्या तोंडून ते नाव मी कधी आयकलं नव्हतं.

"सुकरी, बस न."

बाईनं मान वळवली. मले वाटलं, पाघळली. आता बसते.

"जोरानं घ्या," ती म्हणाली. "ड्रायव्हरले आयकू जाऊ द्या."

भाऊजीनं तोंड उघडलं. ड्रायव्हर वरच्या आरशातून पाहून राह्यला होता. कंडक्टरनंबी हातातली मशीन थांबवली. भाऊजीनं त्या दोघाईकडं पाह्यलं अन् तोंड मिटलं. खिडकीकडं सरकला अन् बाहेर अंधारात पाहत बसला, जसं का तिथी त्याचं काई पडलं हाये.

गाव येतलोक बाई उभीच होती.